वाढदिवसाला कडी

"माझी मुलं म्हणजे काचेच्या बरण्या! आत काय आहे ते बघायला मला झाकण काढावं लागत नाही!"

आंटी अराबानं हे वाक्य रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायरीवर उभं राहून ठणकावलं. समोर सगळं महिला मंडळ होतं. सेकोंडी गावच्या त्या चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या खालोखाल आवाज कुणाचा असेल तर अराबाचा, आणि पाद्रीबुवांना निदान माइक तरी लागायचा! विषय निघाला होता हल्लीच्या मुलांचा. एकीची मुलगी आई आली की मोबाईल पालथा ठेवते. दुसरीचा मुलगा ट्रंकेला कुलूप लावतो. तिसरीच्या मुलानं तर आईला तोंडावर सांगितलं, "हा माझा खाजगी प्रश्न आहे!"

"खाजगी?" अराबा कडाडली. "नऊ महिने आईच्या पोटात राहिला तेव्हा कुठे होतं याचं खाजगी? लाड आहेत सगळे! माझ्या घरात एकाही खोलीला आतून कडी नाही. लपवायला काही नसलं की कडी लागत नाही!"

बायका म्हणाल्या, "आमेन." काही मनापासून म्हणाल्या, काही दातओठ खात.

देव सगळ्यांचं ऐकतो, पण फुशारकी जरा लवकर ऐकतो. त्याच आठवड्यात अराबाची थोरली, एकुआ, पंधरा वर्षांची झाली. सकाळी लाल पामतेलात कुस्करलेलं कोनफळ आणि वर अख्खी उकडलेली अंडी असा वाढदिवसाचा बेत होता. एकुआचे वडील कोबिना वायरमन होते. दिवसभर लोकांच्या तारा जोडायच्या आणि घरी आल्यावर कुठल्याही दोन तारांच्या मध्ये यायचं नाही, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी प्रेमानं विचारलं, "बोल बाळ, काय हवं तुला? बूट? घड्याळ?"

"कडी," एकुआ म्हणाली.

"कानात घालतात ती?"

"दाराला लावतात ती. आतून."

अराबाच्या घशात अंडं अडकलं. धाकटे जुळे, पान्यिन आणि काक्रा, यांनी आईच्या पाठीवर इतक्या उत्साहानं गुद्दे घातले की अंडं गेलं खाली आणि उचकी आली वर.

"कडी? कशाला? कुणापासून?" अराबा उचक्या देत ओरडली. "या घरात वाघ आहे का?"

एकुआनं नुसतं तिच्याकडे बघितलं. ते बघणं अराबाला फार लागलं.

कोबिनांनी डोकं खाजवलं. ते अकरा भावंडांबरोबर एका खोलीत वाढले होते. लहानपणी त्यांना एकटेपणा मिळायचा तो आंब्याच्या झाडावर, आणि तिथेही वरच्या फांदीवर एखादा भाऊ आधीच बसलेला असायचा! त्यांनी संध्याकाळी मुकाट्यानं हत्यारं काढली आणि एकुआच्या दाराला पितळी कडी ठोकून दिली. ही खोली म्हणजे पूर्वीची अडगळ. त्यात एक खाट, एक खुर्ची आणि मागच्या बाजूला उंचावर काचेच्या पट्ट्यांची एक खिडकी होती. त्या खिडकीवरही एकुआनं जुन्या गणवेशाचा पडदा लावला.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. शाळेतून आली, हातपाय धुतले, खोलीत गेली, आणि खट्!

त्या एका 'खट्'नं अराबाच्या जिवाची जी कालवाकालव व्हायची ती काय सांगावी! चुलीवर मासे जळायचे, जुळे अंगणात एकमेकांच्या उरावर बसायचे, पण आईसाहेब त्या दारासमोर, कोंबडीनं उकिरड्यासमोर फिरावं तशा, फेऱ्या घालायच्या.

"एकुआ, मीठ कुठे आहे गं?"

"तुझ्या हातात, आई."

"अगो बाई, हो की! एकुआ, बरी आहेस ना?"

"हो."

"मग आवाज का येत नाही?"

"बरी आहे म्हणून!"

आता एवढ्यावर कुठल्याही आईनं समजून घ्यावं. पण अराबा कुठलीही आई नव्हती, महिला मंडळाची अध्यक्ष होती! तिनं हे दुःख शेजारच्या आंटी मान्साच्या कानावर घातलं. मान्सा त्याच वाड्यात पुढच्या बाजूला राहायची आणि मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी करून विकायची. सकाळी तिच्या पातेल्यातून केंकी निघायची आणि संध्याकाळपर्यंत तोंडातून बातम्या, दोन्ही गरमागरम.

मान्सानं केंकी पानात गुंडाळता गुंडाळता निदान केलं. "बंद दारामागे तीनच गोष्टी असतात, अराबा. मोबाईल, मुलगा, नाहीतर मंत्रतंत्र."

"मोबाईल तर माझ्या कपाटात असतो गं. शाळा सुटल्यावर मी काढून घेते."

"अरेरे! म्हणजे दोनच राहिल्या!"

 अराबानं त्याच दिवशी जुळ्यांना हाताशी धरलं. एकेक वाटी तळलेल्या पिकल्या केळ्यांवर सौदा ठरला: दाराला कान लावायचा आणि आतलं सगळं आईला येऊन सांगायचं. जुळे भलतेच इमानदार निघाले. त्यांनी आधी एकुआला जाऊन सांगितलं की आम्ही कान लावणार आहोत, तिच्याकडूनही गोळ्या घेतल्या, आणि मग कान लावला!

"ऐकलंत? काय म्हणाली तुमची सिस्टर?" अराबानं विचारलं.

पान्यिन म्हणाला, "सिस्टर म्हणाली, हलू नकोस, आई ऐकेल."

अराबानं दोघांना आणखी जवळ ओढलं.

काक्रा म्हणाला, "आणि म्हणाली, तुझं लाल डोकं किती छान दिसतं रे!"

"रे म्हणाली?"

"रे म्हणाली!"

लाल डोकं! अराबानं अंगणाच्या फाटकातून समोर पाहिलं. समोरच्या घराच्या ओट्यावर फिफी बसला होता. वय सतरा, चर्चच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचा, आणि डोक्यावर बँडची लाल टोपी! झोपतानाही काढत नसावा असा संशय यावा इतकी ती टोपी त्याच्या डोक्याला चिकटलेली. आज तो अराबाकडे बघून हसला आणि त्यानं अदबीनं मान झुकवली. "बघ कसा गोड हसतोय मेला!" अराबा मनात म्हणाली.

आता सरळ दार वाजवून विचारायचं, एवढी साधी गोष्ट. पण रविवारी काचेच्या बरण्या मिरवणाऱ्या बाईनं गुरुवारी "बाळ, आत काय करतेस?" असं कसं विचारायचं? विचारलं म्हणजे माहीत नाही हे कबूल! आणि नवऱ्याला सांगायचं तर तो म्हणणार, "राहू दे गं." त्याचं या जगातल्या प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर होतं.

शनिवारी पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांची मयत होती. सगळी वस्ती काळे कपडे करून निघाली. एकुआ म्हणाली, "माझं डोकं दुखतंय, मी घरीच थांबते." आणि खट्!

डोकं दुखतंय! तेही नेमकं सगळा वाडा रिकामा होणार त्याच दिवशी! अराबानं काळा झगा चढवला, डोक्याला काळं फडकं करकचून बांधलं आणि नवऱ्याला म्हणाली, "एकुआचे पप्पा, तुम्ही जुळ्यांना घेऊन व्हा पुढे. मी आलेच."

"राहू दे गं," कोबिना म्हणाले.

"काय राहू दे?"

"जे काय करणार असशील ते."

ते गेले. अराबानं दुपार होईपर्यंत दाराला कान लावून पाहिला; काही ऐकू येईना, तेव्हा ती पाठीमागे आली. तिथे भिंतीला कोबिनांची शिडी टेकलेली होती. भिंतीलगत सिमेंटच्या कट्ट्यावर वाड्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांची मोठी काळी पाण्याची टाकी, आणि टाकीच्या वर ती पडद्याची खिडकी. शिडीवरून टाकीवर, टाकीवरून खिडकीपाशी. बेत सोपा होता. त्यात फक्त अराबाचं वजन धरलेलं नव्हतं.

शिडी कुरकुरली, पण तिनं अराबाला वर पोचवलं. अराबानं टाकीवर एक पाय ठेवला, दुसरा ठेवला, खिडकीच्या गजाला धरलं आणि मान उंचावली. पडदा! मेला तो जुना गणवेश इंचभरसुद्धा हलेना. तिनं गजातून दोन बोटं आत घातली, जरा पुढे सरकली, आणि...

फटाक्!

टाकीचं झाकण फुटलं. अराबाचा उजवा पाय मांडीपर्यंत गारेगार पाण्यात! डाव्या पायाची लाथ शिडीला बसली आणि शिडी आडवी झाली. एक पाय टाकीत, एक पाय टाकीवर, दोन्ही हात खिडकीच्या गजांना, आणि वाऱ्यावर काळा झगा फुगलेला. घार पतंगाच्या मांज्यात अडकावी तशी महिला मंडळाची अध्यक्ष तिथे लटकून राहिली.

तरीही ती ओरडली नाही, बरं का! ओरडली असती तर एकुआला कळलं असतं. तिनं मनातल्या मनात देवाचा धावा केला. देवानं तो ऐकला आणि मदतीला धाडलं वाड्याच्या मालकाला.

मालक म्हणजे म्हातारे मिस्टर अक्वा. जन्मभर रेल्वेत गार्ड होते. नोकरी सुटली, पण गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात संशय. ते काठी टेकत मागे आले, वर पाहिलं, आणि त्यांना भर दुपारी आपल्या टाकीवर फडफडणारं काळं काहीतरी दिसलं.

"चोर!" मिस्टर अक्वा ओरडले. मग नीट निरखून म्हणाले, "नाही, भूत!" आणि दोन्ही शक्यता जमेस धरून त्यांनी फुर्रर्र करून शिट्टी फुंकली.

ती शिट्टी! तिच्यावर एके काळी अख्ख्या मालगाड्या हलायच्या, तिथे वस्तीची काय कथा! मयतीचे लोक दफनाहून परतत गल्लीच्या तोंडाशी आले होते. "चोर! चोर!" करत सगळे वाड्यात घुसले. पुढे चर्चचा बँड, मागे काळ्या कपड्यांतली वस्ती, आणि मध्ये, येता येता आपल्या चुलीवरून उचललेला केंकीचा झारा उगारून, मान्सा! ढोलवाल्याला थांबायचं कुणी सांगितलंच नाही, त्यामुळे तो आत आला तरी वाजवतच होता.

"खाली उतर रे चोरा!"

"दगड मारा!"

"थांबा!" मान्सा किंचाळली. "ही चप्पल मी ओळखते! ही तर आमच्या अराबाची!"

 ढोल थांबला.

"आंटी अराबा," कुणीतरी अदबीनं विचारलं, "वर काय करताय?"

अराबा गजाला धरून, मान न वळवता, अध्यक्षांच्या आवाजात म्हणाली, "टाकीत पाणी किती आहे ते बघत होते."

"पायानं?" मिस्टर अक्वांनी विचारलं.

हसण्याचा असा लोळ उठला की भिंतीवरच्या कोंबड्या उडाल्या. मयतीला आलेल्या माणसांनी सकाळपासून दाबून धरलेलं हसू, सगळं एकदम बाहेर पडलं! पण बँडमधल्या एका भल्या पोरानं पुढे होऊन शिडी उचलली, टाकीला लावली, घट्ट धरली आणि म्हणाला, "घाबरू नका आंटी, मी धरलीय. या सावकाश."

अराबानं खाली पाहिलं. लाल टोपी! फिफी!

"तू?" तिच्या तोंडातून निघून गेलं. "तू खाली? मग आत कोण आहे?"

हे बोलल्यावर तिनं जीभ चावली. पण बाण सुटला होता.

"आत म्हणजे कुठे आत?" मान्सानं विचारलं, जणू तिला काही ठाऊकच नव्हतं. सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. गणवेशाचा पडदा सगळ्यांनी पाहिला. मग सगळ्यांनी अराबाकडे पाहिलं. फिफीचा चेहरा आता टोपीहून लाल झाला होता. त्याच्या आईनं गर्दीतूनच विचारलं, "माझा मुलगा आत का असेल हो, आंटी अराबा?"

तेवढ्यात कोबिना आले. गर्दी बघून, टाकी बघून, टाकीतली बायको बघून त्यांनी एकच सुस्कारा टाकला. ते शिडीवर चढले, बायकोला काखेत धरून उपसलं आणि खाली आणलं. झग्यातून पाणी गळत होतं. एक चप्पल टाकीतच राहिली.

"चला, झालं. घरी जा सगळे," कोबिना म्हणाले.

कुणी हलेना! कसं हलणार? आत कोण आहे हे आता अराबापेक्षा वस्तीला जास्त जाणून घ्यायचं होतं. कुणी म्हणालं, दार ठोका. कुणी म्हणालं, पाद्रीबुवांना बोलवा. एक बाई म्हणाली, "आईला हक्क आहे, पोटची पोर आहे!" तर तिचीच मुलगी मागून म्हणाली, "म्हणून टाकीवर चढायचं?" आणि तिथल्या तिथे त्या मायलेकींचं वेगळं भांडण जुंपलं.

आणि मग आतून आवाज आला. खट्.

दार उघडलं. एकुआ घराला वळसा घालून मागे आली. डोळे झोपाळलेले, केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. समोर ढोल, ट्रंपेट, काळे कपडे, आणि मधोमध एका चपलेवर, निथळत उभी असलेली आई.

"काय झालं? कोण गेलं?" तिनं घाबरून विचारलं.

"कुणी नाही गं," कोबिना म्हणाले. "आई टाकीवर चढली होती."

एकुआनं टाकीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग आईकडे. ती काय समजायचं ते समजली. तिचा चेहरा असा पडला की पुढे उभे असलेले दोघेतिघे नकळत मागे सरले.

पण अराबाला आता राहवेना. "काय करत होतीस आत? रोज काय करतेस? खरं सांग!"

अख्खी वस्ती एक पाऊल पुढे सरकली.

"काही नाही," एकुआ म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच नाही! पडते. छताकडे बघते. वर्गात आम्ही साठजणी एकमेकींच्या मांडीवर बसतो. घरी आले की जुळे. स्वयंपाकघरात तू. चर्चमध्ये सगळे. बाथरूममध्ये गेले तरी बाहेरून कुणीतरी साबण मागतं. मला दिवसातून थोडा वेळ कुणी काही विचारू नये, एवढंच हवं होतं. म्हणून कडी मागितली. बूट नाही मागितले."

"आणि ते लाल डोकं? हलू नकोस म्हणालीस ते?"

"सरडा!" एकुआच्या डोळ्यांत पाणी आलं. "खिडकीत येऊन बसतो. लाल डोक्याचा. मी त्याच्याशी बोलते, कारण तो उलट प्रश्न विचारत नाही!"

ढोलवाल्याच्या हातातून टिपरू पडलं.

"दार वाजवलं असतंस तर मी उघडलं असतं, आई."

"आणि मी विचारलं असतं तर?"

"काही नाही म्हणून सांगितलं असतं."

 अराबा आगाऊ होती, पण खोटी नव्हती. "मला ते खरं वाटलं नसतं," ती हळूच म्हणाली.

गर्दी पांगली. जाता जाता फिफीच्या आईनं जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मान्सा म्हणाली, "मी आधीच सांगत होते, पोरगी सोन्यासारखी आहे!" आणि मिस्टर अक्वांनी निकाल दिला: टाकीत पाय घातला त्यानं टाकी धुवायची, आणि ती भरेपर्यंत वाड्याला पाणी आणून द्यायचं.

अराबा उरलेली दुपार सार्वजनिक नळावरून डोक्यावर घागरी वाहत होती. रांगेतल्या बायका बाजूला सरून म्हणायच्या, "या आंटी, पुढे या. पाणी पायानं मोजून घ्या हं!" अराबा गप्प! सेकोंडीत त्या दिवशी हाच खरा चमत्कार मानला गेला.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिच्या शेजारी दुसरी घागर आली. एकुआ होती. काही न बोलता चालत होती. अराबाही काही न बोलता चालली. लेकीबरोबर इतका वेळ काही न विचारता चालण्याची ही तिची पहिलीच खेप. जीभ नुसती वळवळत होती, पण तिनं ती दाताखाली धरून ठेवली.

घराशी आल्यावर घागर उतरवत ती म्हणाली, "यापुढे मी दार वाजवीन."

"बरं," एकुआ म्हणाली. पण तिच्या ओठाचा कोपरा हलला.

अराबानं शब्द पाळला, म्हणजे जवळजवळ पाळला. ती दार वाजवायची आणि त्याच झटक्यात ढकलायची. कडीवर खांदा आपटायचा. "आई," एकुआ आतून सांगायची, "वाजवणं आणि शिरणं यांच्या मध्ये थांबायचं असतं!" "किती वेळ?" "मी हो म्हणेपर्यंत!" हे अवघड शिक्षण बरेच दिवस चाललं.

मग एका दुपारी, जुळ्यांनी डोकं उठवलेलं, मंडळाच्या बायका येऊन गेलेल्या, चुलीचा धूर डोळ्यांत गेलेला, अशा वेळी एकुआ आपल्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, तू जा आत. मी बघते चुलीकडे."

"मी? मी आत जाऊन काय करू?"

"काही नाही."

अराबा संकोचत आत गेली. खट्! तो आवाज आतून ऐकला तर वेगळाच लागत होता. ती खाटेवर आडवी झाली. छताकडे पाहिलं. खिडकीत ऊन होतं. बाहेर जुळे भांडत होते, पण ते भांडण आता दुसऱ्या कुणाचं तरी होतं. वा! असं असतं होय हे! तिनं पाय पसरले, डोळे मिटले.

पण थोड्या वेळानं तिनं एक डोळा उघडला. कान टवकारले. कुणी हाक मारत नव्हतं. मीठ कुठे आहे, कुणी विचारत नव्हतं. आई बरी आहे का, कुणाला फिकीर नव्हती. नवऱ्याचा आवाज आला, तो जुळ्यांना हसत हसत काहीतरी सांगत होता. मासे तळल्याचा वास आला, तोही न जळालेला! अराबा उठून बसली. आणखी थोडी थांबली. दारावर टकटक होईल म्हणून दाराकडे बघत राहिली.

शेवटी ती स्वतःच कडी काढून बाहेर आली आणि अंगणाच्या मधोमध उभी राहिली. कुणी मान वर केली नाही.

"कुणी विचारणार नाही का, मी आत काय करत होते ते?"

एकुआनं मासा उलटला. "नाही, आई. तुझी खाजगी गोष्ट आहे ती."

अराबानं नवऱ्याकडे पाहिलं, जुळ्यांकडे पाहिलं, फाटकातून डोकावणाऱ्या मान्साकडेही मोठ्या आशेनं पाहिलं. कुणी म्हणून विचारेना! मग मात्र तिला राहवलं नाही.

"झोपले होते मी!" ती अख्ख्या वाड्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "आणि स्वप्नसुद्धा पडलं! सांगू काय पडलं?"